जांगड गेलेला माणूस

सुरतेच्या महिधरपुऱ्यात हिऱ्यांचा बाजार उघड्या रस्त्यावर भरतो. दलाल स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उलगडतो. समोरचा माणूस डोळ्याला भिंग लावतो, एकेक हिरा चिमट्यात धरून उजेडाकडे फिरवतो आणि परत ठेवतो. सौदा तिथल्या तिथे होईलच असं नाही. पुष्कळदा माल ‘जांगड’ दिला जातो, म्हणजे पाहायला, गिऱ्हाइकाला दाखवायला, पसंत पडतो का ते ठरवायला. एका चिठ्ठीच्या भरवशावर हिरे या हातातून त्या हातात जातात. या साऱ्या फिरतीत एक गोष्ट मात्र जागची हलत नाही. पसंती ठरेपर्यंत मालकी मूळ मालकाचीच असते.

सेल्सच्या नोकरीसाठी पाच-पाच, सहा-सहा फेऱ्या देणारी मुलं पाहिली की मला हा नियम हटकून आठवतो. लांबलेली मुलाखत म्हणजे माणूस जांगड जाणं.

सुरतेत अशी मुलं घरोघरी भेटतील. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी घरं आहेत. ताप्ती रेल्वेने नंदुरबार-नवापूरकडून आलेल्या पिढीने माग चालवले, पुढच्या पिढीला माल विकायचा आहे. साड्या, औषधं, रंग, बिस्किटं, विमा, काहीही. मग सुरू होतो सिलसिला. आधी फोन. मग एचआर. मग एरिया मॅनेजर. मग एक दिवस ‘मार्केट वर्किंग’, म्हणजे कंपनीच्या माणसाबरोबर दुकानं फिरणं. मग वरचे साहेब मुंबईहून किंवा अहमदाबादहून येणार म्हणून थांबणं. आणि शेवटी तो एकच शब्द, ज्याने झोप उडते: ‘कळवतो.’

हे इतकं का लांबतं? आणि लांबल्यावर माणसाने काय करायचं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधताना मला चकित करणाऱ्या दोन गोष्टी सापडल्या. एक याच शहरातली, चारशे वर्षांपूर्वीची. दुसरी शंभर वर्षांपूर्वीची, अमेरिकेतली.

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरतेवर चाल केली तेव्हा तिथे इंग्रजांची वखार होती, हे आपण शाळेत वाचतो. पण ती वखार उघडायची परवानगी इंग्रजांना मिळाली कशी? ती कथा म्हणजे हिंदुस्थानातल्या सर्वांत लांबलेल्या मुलाखतींपैकी एक आहे.

२४ ऑगस्ट १६०८ रोजी ‘हेक्टर’ जहाजाचा कप्तान विल्यम हॉकिन्स सुरतेला पोचला. त्याला हवी होती व्यापाराची परवानगी. आजच्या भाषेत सांगायचं तर नवी टेरिटरी उघडायची होती. किनाऱ्यावर पोर्तुगीज आडवे आले, बंदरावरच्या मुघल अधिकाऱ्याने अडवून धरलं. हॉकिन्स एप्रिल १६०९ मध्ये आग्र्याला जहांगीर बादशहासमोर उभा राहिला. त्याला तुर्की भाषा येत होती, त्यामुळे बादशहाशी दुभाष्याविना बोलता आलं. बादशहा खूश झाला. त्याने हॉकिन्सला चारशेची मनसब दिली, दरबारात ठेवून घेतलं. पहिली फेरी याहून चांगली कुणाची गेली असेल?

तरीही परवानगी मिळता मिळता राहिली. बादशहाने होकार दिला, मग फिरवला, पुन्हा आशा दाखवली, पुन्हा फिरवला. अडीच वर्षं दरबारात काढून नोव्हेंबर १६११ मध्ये हॉकिन्स रिकाम्या हाताने आग्र्याहून निघाला.

निर्णय अडला होता तो हॉकिन्सच्या बोलण्यामुळे नव्हे. समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक होता आणि त्यांना दुखवून चालणार नव्हतं. १६१२ च्या अखेरीस सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात थॉमस बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगीजांना हटवलं आणि लगेच वारं फिरलं. १६१३ मध्ये वखारीला मान्यता आली. अडीच वर्षांच्या गोड बोलण्याने जे झालं नाही, ते दरबाराबाहेरची परिस्थिती बदलताच झालं. पुढे १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुवाळीला उतरला. तोही तीन वर्षं दरबाराच्या मागे फिरला. त्याला हवा असलेला मोठा तह कधीच झाला नाही. शाहजादा खुर्रमकडून सुरतेच्या व्यापारापुरतं फर्मान मात्र १६१८ मध्ये हाती आलं.

या कथेतून दोन गोष्टी मनात कोरून ठेवाव्यात अशा आहेत. होकार आणि कागद या वेगळ्या वस्तू आहेत. आणि आपला निर्णय अनेकदा आपण बसलेल्या खोलीच्या बाहेर अडकलेला असतो. आज तिथे पोर्तुगीज आरमार नसतं. बजेटची मंजुरी असते, साहेबांची बदली असते, किंवा सरळ दिवाळी असते. दिवाळीत सुरतेचा कापड बाजार बंद होतो आणि कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे आपल्या पांडवपंचमीला, गुजरातेतल्या लाभपंचमीला पुन्हा मुहूर्त करतो. दिवाळीच्या तोंडावर दिलेल्या मुलाखतीचं उत्तर त्याआधी आलं नाही, तर त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

आता दुसरी गोष्ट. मुलाखतीवर भरवसा ठेवावा का, हे मोजायला शास्त्रज्ञ बसले तेव्हा त्यांनी सुरुवातीलाच निवडले ते विक्रेते. १९१५ मध्ये वॉल्टर डिल स्कॉट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विक्रीच्या जागेसाठी आलेल्या ३६ उमेदवारांच्या मुलाखती सहा व्यवस्थापकांना घ्यायला लावल्या. प्रश्न सोपा होता: हा उमेदवार वरच्या अर्ध्यात बसतो की खालच्या? ३६ पैकी २८ जणांच्या बाबतीत सहा जणांचं एवढ्यावरही एकमत झालं नाही! तोच माणूस, तेच शब्द, आणि एकाला तो हिरा वाटला तर दुसऱ्याला काच. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेत विक्रीकलेच्या संशोधनासाठी वेगळा विभाग निघाला आणि स्कॉट त्याचा प्रमुख झाला. विक्रेता निवडण्यासाठी ठरावीक अर्ज, शिफारशीचा ठरावीक नमुना, ठरावीक प्रश्न आणि चाचण्या यांचा संच तिथे तयार झाला. आपण आज भरतो त्या फॉर्मच्या वंशवेलीत तो संच बसतो.

म्हणून फेऱ्या अनेक असणं हा मुळात छळ नाही. एकाच भिंगावर विसंबू नये, हे स्कॉटच्या प्रयोगाने शिकवलं. पण किती भिंगं पुरेत, यालाही उत्तर आहे. गुगलमध्ये पूर्वी उमेदवारांच्या डझनभर मुलाखती होत. कंपनीने स्वतःचीच आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की चार मुलाखतींत निर्णयाची खात्री ८६ टक्क्यांपर्यंत पोचते आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलाखतीने जेमतेम एक टक्का भर पडते. सहाव्या-सातव्या फेरीत तुमच्याबद्दल नवं फारसं कळत नाही. ती फेरी बहुधा कंपनीच्या मनातल्या घोळाची असते.

मुलाखत कशी घेतली यानेही फरक पडतो. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारणारी, उत्तरांना ठरलेल्या मापाने गुण देणारी मुलाखत यादीत सर्वांत वर आली. आपल्याकडे पुष्कळ साहेब मनाला येईल ते विचारतात. मग ठरावीकपणा आपणच न्यायचा. पाच प्रसंग घरी लिहून ठेवा: जिंकलेलं गिऱ्हाईक, गमावलेलं गिऱ्हाईक, थकलेली वसुली, हुकलेलं टार्गेट, गाठलेलं टार्गेट. प्रत्येकाला आकडा हवा. प्रश्न कुठूनही येवो, उत्तर या पाचांपैकी एकाकडे नेता येतं. आणि कुठल्या फेरीत काय सांगितलं ते वहीत टिपून ठेवा, कारण तिसऱ्या साहेबाला सांगितलेला आकडा पहिल्याशी जुळला पाहिजे.

मार्केट वर्किंगचा दिवस मात्र मनापासून द्या. प्रत्यक्ष कामातून जे दिसतं ते खुर्चीत बसून दिसत नाही. तो दिवस तुमच्याही भिंगाचा असतो. दुकानदाराला हळूच विचारा, आधीचा मुलगा का गेला, माल वेळेवर येतो का, खराब माल परत घेतात का. त्या जागेचं खरं मोल दुकानाच्या फळीवर कळतं. ‘आमच्यासाठी पूर्ण मार्केटचा प्लॅन करून आणा’ असं कुणी म्हणालं तर तुमची पद्धत दाखवा. सध्याच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांची यादी आणि भाव मात्र देऊ नका. जो आज ती यादी देतो, तो उद्या आपलीही देईल, हे समोरच्यालाही कळतं.

प्रत्येक फेरीच्या शेवटी उठण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: ‘सर, पुढचा निर्णय कोण घेणार आणि साधारण कोणत्या तारखेपर्यंत?’ विक्रीतलं हे पहिलं कौशल्य आहे. गिऱ्हाइकाकडून पुढची तारीख न घेता परतणारा विक्रेता कुठल्या कंपनीला हवा असतो? ती तारीख उलटली की दोन ओळींचा नम्र मेसेज करा. आणखी आठवड्याने एक फोन. त्यानंतर तुमचं लक्ष दुसऱ्या पुडीकडे गेलं पाहिजे. कुठलाही व्यापारी सगळा माल एकाच दलालाकडे जांगड देऊन दुकानाला कुलूप लावत नाही. एका कंपनीची वाट पाहताना दुसऱ्या दोन ठिकाणी बोलणी चालू ठेवणं हा विश्वासघात नाही, तो व्यवहार आहे.

पसंतीवर दिलेल्या मालासाठी आपल्याकडे कायदाही आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं २४ वं कलम सांगतं की घेणाऱ्याने ठरल्या मुदतीपलीकडे, किंवा मुदत ठरली नसेल तर वाजवी काळापलीकडे, नकार न कळवता माल ठेवून घेतला तर तो विकत घेतला असंच मानायचं. हिऱ्याला हे संरक्षण आहे, उमेदवाराला नाही. म्हणून आपली मुदत आपणच ठरवायची आणि ती संपली की मनाने माल परत घ्यायचा.

आणि ‘सिलेक्ट झालात’ असा फोन आला तरी हॉकिन्सची मनसब आठवा. ऑफर लेटर हातात येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका. पत्रात पक्का पगार किती आणि इन्सेन्टिव्ह किती, टार्गेट काय, एरिया कोणता, प्रवासभत्ता कसा, हे वाचून, विचारून मगच सही करा. नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. विकणारा तुम्ही आहात, किंमत त्यांनी द्यायची आहे.

महिधरपुऱ्यातला हिरा दहा हातांत फिरून संध्याकाळी परत येतो. कुणी तो घेतला नाही म्हणून त्याचं वजन घटत नाही, पाणी उतरत नाही. ‘कळवतो’ ऐकून घरी परतलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला माझं एवढंच सांगणं आहे: पत्र येईपर्यंत मालकी तुमचीच आहे. ती सोडू नका, आणि उद्या सकाळी दुसरी पुडी उघडा.