पाहणाऱ्याच्या हाती कॅमेरा

बंगळूरुच्या दक्षिण भागातील बनशंकरी येथे 'सुचित्रा' या फिल्म सोसायटीची वास्तू आहे. 1971 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने देशोदेशीचे चित्रपट पाहण्याची आणि त्यांवर चर्चा करण्याची सवय शहरात रुजवली. वास्तूची कोनशिला सत्यजित राय यांच्या हस्ते बसवण्यात आली होती. ही निवड समर्पक होती. 1947 मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीच्या संस्थापकांपैकी राय एक होते. जाणता प्रेक्षकच पुढे दिग्दर्शक होतो, याचे त्यांच्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

'पथेर पांचाली'साठी (1955) त्यांनी विमा पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गहाण ठेवले. छायाचित्रण सोपवले ते सुब्रत मित्र या तरुणाकडे, ज्याने तोपर्यंत चित्रपटाचा कॅमेरा हाताळलाही नव्हता. पुढच्या 'अपराजितो'च्या (1956) वेळी काशीतील घराचे अंगण पावसाच्या धास्तीने स्टुडिओत उभारावे लागले. उघड्या अंगणात वरून उतरणारा, सावल्या न पाडणारा उजेड दिव्यांनी आणायचा कसा? हे अशक्य आहे, असे मित्र यांचे आधी मत होते. अखेर त्यांनी सेटवर आभाळासारखे पांढरे कापड ताणले, खालून त्यावर दिव्यांचे झोत टाकले आणि परावर्तित उजेडात चित्रण केले. ते अंगण सेटवरचे आहे, हे सांगूनही पटत नाही.

मराठी वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. दादासाहेब फाळके यांनीही आधी चित्रपट पाहण्याचाच ध्यास घेतला. इतका, की त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. विमा पॉलिसीवर कर्ज काढून 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा मिळवला. या यंत्राने त्यांनी टिपला कुंडीतला वाटाणा! ठरावीक अंतराने एकेक चौकट घेत त्यांनी 'अंकुराची वाढ' चित्रित केली. नुसत्या डोळ्यांना न जाणवणारी वाढ पडद्यावर क्षणांत घडू लागली. भांडवल देणाऱ्याची खात्री पटली ती या इवल्या चित्रपटाने.

सरस्वतीबाईंनी दागिने दिलेच, शिवाय अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट कामही केले. (याची नोंद अनेकदा राहून जाते.) 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांना साडी नेसवण्यात आली होती.