दुसऱ्याच्या नावावर राबलेला सोंड्या

सकाळी ६. त्रिशूरच्या कोल शेतांमधला कालवा. पाणी दिसतच नाही, वर साल्व्हिनिया या तरंगत्या वनस्पतीचा जाड हिरवा थर. इथे तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात, मूळची मात्र ती ब्राझीलची. वल्हं अडकतं. मग ओंजळीने उपसून पिशवीत भरते. पानावरचे केस चार-चार मिळून टोकाला जुळलेले, थेट ताकाच्या रवीसारखे. म्हणून पान भिजत नाही.

९. वजन करून सगळा पाला बर्लेसे फनेलमध्ये. वर बल्ब, खाली पाण्याची बशी. पाला सुकत जातो तसे किडे खाली सरकतात आणि बशीत पडतात. याला दोनेक दिवस लागतात, त्यामुळे आज तपासायचे ते परवाचे.

१० ते १. सूक्ष्मदर्शक. सिर्टोबेगस साल्व्हिनी, साल्व्हिनिया फस्त करणारा सोंड्या, लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. तपकिरी ते कोवळे, काळे ते जुने. या किड्याने पाच वर्षं दुसऱ्याच्या नावावर काम केलं. १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या मूंडारा तलावात त्याला साल्व्हिनियावर सोडलं ते ‘सिंग्युलॅरिस’ ही त्याची जवळची जात समजून. पुढच्या वर्षी तलाव मोकळा! खऱ्या सिंग्युलॅरिसने आधी आफ्रिकेत फारसं काही साधलं नव्हतं. काल्डर आणि सँड्स यांनी १९८५ साली ही वेगळी जात असल्याचं मांडलं. याची अळी खोडाच्या आत शिरून पोखरते, सिंग्युलॅरिसची बाहेरूनच कुरतडते.

घोळाचं मूळ वनस्पतीत होतं. तिला ‘ऑरिक्युलाटा’ समजत, म्हणून तिचे शत्रूही ऑरिक्युलाटावरच शोधले. १९७२ साली मिचेल यांनी तिला ‘मोलेस्टा’ हे स्वतंत्र नाव दिलं. तिचं मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं ते त्यानंतर. वर्गीकरणाला कोरडं शास्त्र म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा ऐकवते.

दीड. डबा, आईचा फोन. “तांदळातले सोंडे निवडायला सांगितलं की पळायचीस, आणि आता?” तो याचा लांबचा भाऊबंद, असं सांगून पाहिलं. किती लांबचा, यावर जाणकारांचंच एकमत नाही. कोणी याला कर्क्युलिओनिडी कुळात ठेवतं, कोणी एरिरायनिडी हे कुळच वेगळं काढतं. लेबलवर मी पहिलं शाईने लिहिते, दुसरं पेन्सिलीने.

४. किडे वाढवायच्या टाक्यांत ताजा पाला. कोंब काळे पडलेले, म्हणजे किडे खुशीत आहेत.

६. उद्या सोडायचे किडे डब्यात भरले. भारतात हे पहिल्यांदा सोडले १९८३-८४ साली, बंगळुरूच्या एका कमळतळ्यात. अकरा महिन्यांत साल्व्हिनिया बसली आणि दबलेली कमळं पुन्हा वर आली.