घुबड आधी, जिल्हा नंतर

धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. पण जगभरच्या पक्षीतज्ज्ञांत या मुलखाचं नाव त्याच्या सात महिने आधीच गाजलं होतं. कारण होतं एक वीतभर घुबड.

मेलेलं घुबड जिवंत झालं

रानपिंगळा. 1884 नंतर त्याचा एकही खरा पुरावा नव्हता, म्हणून तो नामशेष झाला असंच बहुतेकांनी धरलं होतं. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघा पक्षीअभ्यासकांना तो निष्पर्ण झाडावर दिसला. भरदिवसा, उन्हात! नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ साधं, चोच दणकट आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. 113 वर्षांचा वनवास संपला.

इतकी वर्षं तो सापडला का नाही? शोधणारे चुकीच्या पत्त्यावर जात होते, हे त्याचं एक कारण. रिचर्ड माइनर्ट्सहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दावा केला होता की, 1914 साली गुजरातेत मांडवीला त्याने हा पक्षी मारला. प्रत्यक्षात महाशयांनी लंडनच्या संग्रहालयातला एक नमुना लांबवला, त्याला नव्याने शिवलं आणि खोटी चिठ्ठी बांधली. तो नमुना होता खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याचा, 1880 च्या दशकातला. रासमुसेनबाईंनी ही लबाडी उघडकीला आणली, खोटा पत्ता यादीतून काढला आणि उरलेल्या खऱ्या पत्त्यांवर शोध सुरू केला. शहादा त्यातलाच. म्हणजे पक्षी आपला, चोरी लंडनची आणि बदनामी मांडवीची.

आज हाच रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. वाघाला जे संरक्षण, तेच या मूठभर जिवाला: शिकार केल्यास 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. शिवाय कायद्याच्या लेखी ‘शिकार’ म्हणजे केवळ गोळी घालणं नव्हे. अंडी फोडणं, घरट्याला धक्का लावणं, हीसुद्धा शिकारच.

शेजारी पुढे, आपण मागे

हा वन्यजीव कायदा झाला 1972 साली. तेव्हा वन्यजीव हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय होता. संसदेने त्यावर कायदा करायचा तर राज्यांनी तसा ठराव द्यावा लागे. 11 राज्यांनी तो दिला आणि त्यांची नावं कायद्याच्या सुरुवातीलाच छापली गेली. गुजरात आहे, मध्य प्रदेश आहे, महाराष्ट्र नाही! आपल्याकडे तेव्हा मुंबई राज्याचा 1951 चा कायदा होता. केंद्राचा कायदा आपण मागाहून स्वीकारला. आज नंदुरबारच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश आहे, हे लक्षात घेतलं की या यादीची गंमत कळते.

होळीचा मुकुट कायदेशीर आहे

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली, त्यांना तिथे नाचणारे बुध्ये आठवतीलच. अंगभर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे नि घुंगरं, डोक्यावर बांबूचा उंच टोप आणि त्यात मोरपिसं. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी, तोही अनुसूची 1 मध्ये. मग वनखातं या बुध्यांना पकडत का नाही? कारण कायद्याने मोराच्या शेपटीच्या पिसांना सूट दिली आहे. मोर दर वर्षी पावसाळा सरता सरता पिसारा गाळतो. ती पिसं गोळा करा, खुशाल मिरवा. पिसांसाठी मोर मारला तर मात्र थेट तुरुंग. देशाबाहेर पिसं विकायलाही बंदी आहे. एवढ्या कडक कायद्यात ही फट मुद्दाम ठेवली गेली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

मोह घ्या, मृग नको

2006 च्या वनहक्क कायद्याने मोह, तेंदूपानं, मध, डिंक अशा गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली. पण त्याच कलमात शिकारीचा पारंपरिक हक्क नावानिशी वगळला आहे.

आणि सरकारी धोरणाची आणखी एक तऱ्हा ऐका. सरदार सरोवर धरणाने उठवलेल्या महाराष्ट्रातल्या माणसांसाठी 1990 साली तळोद्याचं 2700 हेक्टर जंगल मोकळं केलं गेलं. पाण्याने माणसं हलली, माणसांसाठी झाडं हलली. सात वर्षांनी शेजारच्याच तालुक्यात रानपिंगळा सापडला. तळोद्याच्या त्या जंगलात तो होता की नव्हता, कोण जाणे.

उसातला बिबट्या

तळोदा-शहाद्याच्या उसात बिबट्या दिसला की गाव म्हणतं, ‘पिंजरा लावा’. गोळी घालण्याची परवानगी मात्र इतक्या सहज मिळत नाही. प्राणी माणसाच्या जिवावर उठलाय आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नाही, याची कारणं मुख्य वन्यजीव रक्षकांनी आदेशात लेखी नोंदवावी लागतात. ते बसतात नागपूरला. जीव वाचवताना बिबट्या मारला गेला तर तो गुन्हा नाही, पण मेलेला बिबट्या सरकारी मालमत्ता! नखं, कातडी घरी ठेवली की पुन्हा गुन्हा. हल्ल्यात माणूस गेला तर महाराष्ट्रात वारसांना 25 लाख रुपये मिळतात, त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत.

कावळ्याची सुटका

जुन्या कायद्यात पाचवी अनुसूची होती ‘उपद्रवी’ प्राण्यांची: कावळा, उंदीर, घूस, फळं खाणारं वटवाघूळ. पितृपक्षात ज्याची वाट बघायची, तो कायद्याने उपद्रवी! 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. ही दुरुस्ती लागू झाली 1 एप्रिल 2023 ला. तारीख खरीच आहे, थट्टा नाही.

जडीबुटी नव्हे

‘हत्ताजोडी’ नावाची मुळी धनलाभासाठी विकली जाते. ती मुळी नाहीच. ते आहे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. मांडुळाचंही तसंच: त्याची शेपटी बोथट, म्हणून दोन तोंडांचा साप अशी आवई उठली आणि त्यावर लाखोंच्या थापा चालतात. घेणाऱ्याला धन मिळत नाही. घरात यातलं काही सापडलं तर कोठडी मिळते.

तेव्हा बाजारात कोणी हत्ताजोडी, मांडूळ किंवा दिवाळीच्या तोंडावर घुबड दाखवलं, तर घासाघीस करत बसू नका. वनविभागाचा फुकट क्रमांक 1926 फिरवा.