पाला माघारी का फिरतो?

दादरच्या मासळी बाजारात पावसाळ्यात चंदेरी, चपटा पाला दिसला की बंगाली गिऱ्हाईक थांबतं. त्यांचा हा इलिश. आपण मात्र काट्यांना भिऊन सुरमईकडे वळतो. ही भीती अगदीच खोटी नाही!

पाला वाढतो समुद्रात, पण अंडी घालतो नदीच्या गोड्या पाण्यात. युरोपातल्या समुद्री ट्राउटचीही तीच रीत. हे सोपं नाही. खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, मीठ घातलेल्या काकडीला पाणी सुटतं तसं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीत नेमकं उलटं: पाणी आपोआप आत शिरतं, मीठ जपावं लागतं. हा बदल खाडीच्या मचूळ पाण्यात हळूहळू होतो. पावसाळी पूर म्हणजे त्याला आवतण.

पूर धरणात अडला की आवतणच पोचत नाही. तापीवर १९७२ साली उकाई धरण झालं. नर्मदेवर सरदार सरोवर आलं आणि मुखाशी गोडं पाणी घटून खारं पाणी आत सरकलं. भरूचच्या मच्छीमारांची पाल्याची कमाई आटली. जो पाला येतो, तोही मुखाशीच जाळ्यात सापडतो, बहुधा गाभोळीसकट.

गंगेत हा मासा एकेकाळी अलाहाबादच्याही वर जायचा. १९७५ साली फराक्काचा बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेत तो जवळजवळ दिसेनासा झाला.