चित्रेच्या खाली पाहा

मेच्या मध्यावर, रात्री दहाच्या सुमारास चित्रेचा तारा दक्षिणेला उंच आलेला असतो. तिथून नजर सरळ खाली आणा. क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या अडीच मुठींएवढ्या उंचीवर एक अंधुक ठिपका दिसेल. तो तारा नाही. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आहे तो: सुमारे एक कोटी तारे, अंतर साधारण १७,००० प्रकाशवर्षे. १६७७ मध्ये हॅलीने सेंट हेलेना बेटावरून तो तारा नसल्याची नोंद केली.

लंडनमधून तो कधीच उगवत नाही. अंबाजोगाईतून मात्र साधारण २४ अंश वर येतो. गावातल्या दिव्यांपासून दूर, दक्षिणेचे क्षितिज मोकळे असलेला बालाघाटाचा माळ गाठा. डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्या. मोबाइल खिशातच राहू द्या.

दुर्बिणीला आधी कमी शक्तीची नेत्रिका लावा. चार इंची दुर्बिणीत धुरकट गोळा दिसतो, कडेचे काही तारे सुटे होतात. आठ इंचीत शक्ती शंभराच्या आसपास नेली की गोळ्यावर बारीक तारे उमटू लागतात. थेट न बघता किंचित बाजूला बघा, फिकट तारे तसेच दिसतात. मला हे दृश्य शनीच्या कड्यांइतकेच मोलाचे वाटते.

मग ज्येष्ठेच्या ताऱ्याशेजारी, पश्चिमेला जेमतेम सव्वा अंशावरचा एम ४ हा दुसरा गोलाकार तारकागुच्छ शोधा. जूनमध्ये ढग येतात, म्हणून मेची अमावास्या सोडू नका.