कुपोषण आणि वाढ संप्रेरकाचे प्रमाण : खुरटलेल्या बालकांच्या संदर्भात

प्रस्तावना :
परळी वैजनाथ परिसरातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. लहान मुलेही आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात आणि गावच्या अंगणवाडीतील पूरक आहार व वजनाची नोंद बहुधा खंडित होते. वयाच्या मानाने उंची कमी राहणे यास खुरटणे म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ४६.३ टक्के बालके खुरटलेली होती. हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले. २०१९-२१ मध्ये मात्र ते ३५.२ टक्के, म्हणजे जवळपास तेथेच राहिले. अशा बालकात वाढ संप्रेरक कमी पडत असावे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते.

संप्रेरकाचे कार्य :
मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वाढ संप्रेरक स्रवते. हे संप्रेरक हाडांवर थेट परिणाम करीत असले, तरी त्याचे बरेचसे कार्य आयजीएफ-१ या दुसऱ्या घटकामार्फत होते. रक्तातील आयजीएफ-१ प्रामुख्याने यकृतात तयार होतो. हाडांच्या टोकांजवळील कूर्चेच्या पेशी त्यामुळे वाढतात आणि उंची वाढते. रक्तात आयजीएफ-१ पुरेसा झाला की पीयूषिकेला स्राव आवरण्याचा संदेश मिळतो.

कुपोषणातील बदल :
दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे पिमस्टोन व सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात क्वाशिओरकर या अंगावर सूज आणणाऱ्या कुपोषणाने आजारी बालकांचे रक्त तपासले. तेव्हा वाढ संप्रेरक कमी नव्हे, तर वाढलेले आढळले. मॅरास्मसमध्ये, म्हणजे शरीर पार सुकून जाते त्या अवस्थेत, निष्कर्ष इतके एकसारखे नाहीत. आयजीएफ-१ मात्र दोन्ही प्रकारांत घटतो.

याचे कारण यकृतात आहे. अन्न कमी पडले की इन्सुलिन घटते, यकृतपेशींवरील वाढ संप्रेरकाचे ग्राही कमी होतात आणि उपवासात वाढणारा एफजीएफ-२१ हा घटक पेशीतील पुढचा संदेशही मंद करतो. प्रथिने व जस्त यांच्या अभावीही आयजीएफ-१ ची निर्मिती खालावते. आवर घालणारा संदेश न मिळाल्याने पीयूषिका अधिकाधिक संप्रेरक सोडीत राहते. १९९९ मध्ये शोध लागलेले घ्रेलिन हे जठरातील भुकेचे संप्रेरकही तिला उत्तेजन देते.

हा निव्वळ बिघाड मानणे योग्य होणार नाही. वाढलेले वाढ संप्रेरक साठवलेली चरबी विरघळवून इंधन पुरविते आणि रक्तातील ग्लुकोज मेंदूसाठी राखले जाते. वाढ हा खर्चिक व्यवहार असल्याने शरीर तो तात्पुरता थांबविते आणि जगणे निवडते. दुष्काळी वर्षात शेतकरी खाण्याचे धान्य वेगळे काढून पेरणी लांबवितो, तसाच हा हिशेब आहे. टंचाई महिनोन्‌महिने चालली की मात्र तात्पुरती तडजोडच मुलाची उंची ठरविते.

उपचाराची दिशा :
संप्रेरक आधीच भरपूर असताना ते बाहेरून टोचण्याने आहाराची उणीव भरून निघत नाही. उंची वाढविणाऱ्या चूर्णांच्या जाहिरातींविषयी तर न बोललेलेच बरे. एकट्या वाढ संप्रेरकाच्या तपासणीवरूनही दिशाभूल होऊ शकते, कारण अहवालातील चढा आकडा पोषण उत्तम असल्याची खूण नसते. योग्य आहार मिळू लागताच आयजीएफ-१ काही दिवसांतच वर येऊ लागतो. तीव्र कुपोषित बालकाला आरंभी जपून, कमी प्रथिनांचा आहार देऊन प्रकृती स्थिर करावी लागते व नंतरच तो वाढवावा लागतो. एकदम भरपूर खाऊ घालणे जीवावर बेतू शकते.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १००० दिवस उंचीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. दिवाळीला सहा महिन्यांचे असलेले बालक तळावरून परतते, तेव्हा जवळजवळ वर्षाचे झालेले असते. आईच्या दुधाला वरच्या आहाराची जोड नेमकी याच महिन्यांत मिळावयाची असते.