पहिल्या सुवर्णपदकाचं माप

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या फिल्म सोसायटीत मी जुन्या मराठी चित्रपटांवर बोललो होतो. मी प्राध्यापक नाही, समीक्षकही नाही. नोकरी सांभाळून जुने अंक, चित्रपटांच्या पुस्तिका, मिळतील त्या प्रती गोळा करत आणि वाचत आलेला माणूस आहे. त्या दिवशी आपण सगळेच म्हणतो ते वाक्य मीही म्हणालो : देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मराठी चित्रपटाला, आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं. एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण उत्साहाच्या भरात मी पुढे म्हणालो, की त्या वर्षी भारतात त्याहून चांगला चित्रपट झालाच नाही.

भाषण संपल्यावर सोसायटीचे एक जुने सभासद उठले. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. "त्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला होता," ते म्हणाले. "तुम्ही दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिलेत का?"

पाहिले नव्हते. 'श्यामची आई' कितीतरी वेळा पाहिला होता. 'दो बिघा जमीन' लहानपणी एकदा, तोही अर्धाच. तो अर्धाच का, ते पुढे सांगतो. चहाच्या वेळी सभागृहाचे सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, पदक दिलं ते योग्यच. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, परीक्षकांनी चित्रपटाला नाही, आईच्या मायेला गुण दिले. काकांनी मला कोपऱ्यात गाठून हळूच सांगितलं, "रागावू नका, पण तुम्ही मराठी म्हणून बोलताय." घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. तेव्हापासून हा वाद मी माझ्यापुरता लावून धरला आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

तीन पारितोषिकं, एक सामना

आधी घटनाक्रम पाहू. दोन्ही चित्रपट १९५३चे. 'श्यामची आई' मार्चमध्ये प्रदर्शित झाला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९३५ साली पुस्तकरूपाने आलेलं लेखन हा त्याचा आधार. गुरुजी १९५०मध्ये गेले होते, म्हणजे महाराष्ट्राच्या मनात ती जखम अजून ओली होती. दिग्दर्शक अत्रे, संगीत वसंत देसाई, आईच्या भूमिकेत 'सिकंदर'ची नायिका वनमाला आणि श्याम झालेले माधव वझे. 'दो बिघा जमीन' बिमल रॉय यांचा. कथा सलील चौधरींची, संगीतही त्यांचंच. पटकथा आणि संकलन हृषीकेश मुखर्जींचं. शंभू महातोच्या भूमिकेत बलराज साहनी.

'दो बिघा'च्या बाजूने बोलणारे हमखास दोन पुरावे काढतात. मार्च १९५४मध्ये फिल्मफेअरची पारितोषिकं पहिल्यांदा दिली गेली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक हे दोन्ही मान बिमल रॉय यांच्याकडे गेले. त्याच सुमाराला कान महोत्सवात 'दो बिघा'ला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मग १० ऑक्टोबर १९५४ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सरकारी पारितोषिकं दिली गेली तेव्हा मात्र सुवर्णपदक 'श्यामची आई'ला, आणि 'दो बिघा'ला नुसतं गुणवत्ता प्रमाणपत्र. जग ज्याला मानतं त्याला आपल्या सरकारने दुसऱ्या पायरीवर बसवलं, असा हा युक्तिवाद.

हे पुरावे मी उलटसुलट करून पाहिले. फिल्मफेअरची पारितोषिकं हिंदी चित्रपटांसाठी होती. तिथे 'श्यामची आई' शर्यतीतच नव्हता. कानच्या स्पर्धेतही तो नव्हता. शिवाय कानमध्ये त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक किनुगासा यांच्या 'गेट ऑफ हेल' या जपानी चित्रपटाला गेलं. 'दो बिघा'ला मिळालं ते आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्या वर्षी एकाहून अधिक चित्रपटांना दिलेलं होतं. त्याचा मान त्यामुळे कमी होत नाही. पण 'दो बिघा'ने तिथे 'श्यामची आई'ला हरवलं, असं म्हणता येत नाही. हे दोन चित्रपट एकाच रांगेत उभे राहिले ते फक्त दिल्लीत. तेव्हा वाद घालायचा तर त्या एका निकालापुरताच घालायला हवा.

माप कुठलं होतं?

त्या निकालाचं माप काय होतं? आज ज्यांना आपण राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार म्हणतो, त्यांचं तेव्हाचं नाव 'स्टेट अवॉर्ड्स फॉर फिल्म्स'. हेतू असा सांगितला गेला, की कलात्मक आणि तांत्रिक दर्जा उंच असलेल्या, त्याचबरोबर शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्य असलेल्या चित्रपटांना उत्तेजन मिळावं. यातला दुसरा भाग आपण वाद घालताना सोयीस्कर विसरतो. स्वातंत्र्याला जेमतेम सात वर्षं झाली होती. सिनेमा मुलांना बिघडवतो, असं मानणाऱ्या घरांची संख्या कमी नव्हती. अशा वेळी सरकारला पहिलंच पदक असं द्यायचं होतं, की ते पाहून कुणी नाक मुरडू नये.

माझ्या हाती लागलेला सर्वांत बोलका पुरावा निकालाच्या यादीतच आहे. 'दो बिघा जमीन'च्या शेजारी, त्याच दर्जाचं प्रमाणपत्र मिळालेला दुसरा चित्रपट होता देवकी बोस यांचा बंगाली 'भगवान श्रीकृष्ण चैतन्य'. कर्जापायी रिक्षा ओढणारा शेतकरी आणि वैष्णव संत एका पायरीवर, आणि त्यांच्या वर श्यामची आई. संस्कार हे माप असेल तर ही यादी अगदी सरळ लागते. सिनेमाची नवी वाट हे माप असेल तर तिची संगती लावताच येत नाही.

आणखी एक गोष्ट. पहिल्या वर्षी भाषावार पदकं नव्हती. सगळ्या भाषांना मिळून एकच सुवर्णपदक. भाषावार रौप्यपदकं पुढच्या वर्षीपासून सुरू झाली आणि तेव्हा मराठीतलं पदक पुन्हा अत्र्यांच्याच 'महात्मा फुले'ला मिळालं. म्हणजे 'श्यामची आई' आणखी एक वर्षाने आला असता तर त्याला निदान मराठीचं पदक मिळण्याची सोय तरी होती. १९५३च्या चित्रपटांना ती नव्हती. मिळालं तर सगळं, नाहीतर प्रमाणपत्र. वाद इतका टोकाचा होण्यात या रचनेचाही हात आहे.

एकच दुखणं, दोन इलाज

काकांच्या टोमण्यानंतर मी दोन्ही चित्रपट एका रविवारी पाठोपाठ पाहिले. अपेक्षा होती की एक कोकणातली माया दाखवील आणि दुसरा बंगालातली भूक. पण दोन्हींच्या तळाशी मला एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे कर्ज.

'दो बिघा'त शंभू आपल्या हिशेबाने पासष्ट रुपये देणं लागतो. घरातली भांडीकुंडी विकून ते जमवतो, तर जमीनदाराच्या वहीत आकडा निघतो दोनशे पस्तीस. पावती नाही, लिहितावाचता येत नाही. न्यायालय तीन महिन्यांची मुदत देतं आणि शंभू मुलाला घेऊन कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढू लागतो. जास्त पैशांच्या आशेने तो गिऱ्हाइकासाठी रिक्षा पळवतो, आणखी जोरात, आणखी जोरात, आणि चाक निखळतं, तो प्रसंग आजही बघताना पाय आखडतात. शेवटी जमिनीवर गिरणी उभी राहते. कुंपणाबाहेरून शंभू मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो.

श्यामच्या घरीही कर्ज आहे. मोठ्या घराची उतरती कळा, सावकाराच्या माणसाचा दारातला अपमान, आईचं झिजणं, हे सगळं गुरुजींच्या पुस्तकात आहे आणि अत्र्यांनी ते टाळलेलं नाही. पण तिथे प्रश्न विचारला जातो तो मुलाला : या हलाखीत तू कसा वागशील? पोहायला घाबरणाऱ्या श्यामला फोकाने मारून विहिरीवर धाडणारी आई, आणि त्या माराचं दुःख मुलापेक्षा तिलाच अधिक. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनाचीही तशीच काळजी घ्यायला सांगणारी आई. वनमालाबाईंचा आवाज या प्रसंगांत कुठेही चढत नाही, आणि चित्रपट उपदेशाच्या वजनाखाली वाकत नाही तो त्यामुळेच.

पण मर्यादाही इथेच दिसते. पुस्तकात मोळीवाल्या दलित म्हातारीचा प्रसंग आहे. आई श्यामला तिची मोळी उचलून द्यायला सांगते, आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. माणुसकी आहे, पण चौकट जागच्या जागी आहे. (याच गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, हे इथे विसरू नये. आईच्या पुढचं पाऊल मुलाने टाकलं.) श्यामच्या जगात माणूस चांगला झाला की दुःख सोसता येतं. शंभू तर चांगलाच आहे. तरी त्याची जमीन जाते. त्याच्या चांगुलपणाचा त्या वहीवर काही परिणाम होत नाही.

चित्रपट म्हणून तुलना केली तर माझं मत आज 'दो बिघा'च्या बाजूला झुकतं. कलकत्त्याचे रस्ते त्यात पडद्यासारखे मागे टांगलेले नाहीत. ते माणसांना ढकलतात. त्याच्यातही दोष आहेत. गाडीखाली सापडलेल्या बायकोला न्यायला नेमकी नवऱ्याचीच रिक्षा यावी, हा योगायोग जुन्या नाटकात शोभावा असा आहे. 'श्यामची आई' मात्र बहुतेक वेळ एकेका प्रसंगाची माळ ओवत जातो. कॅमेरा मुख्यतः ऐकण्याचं काम करतो.

मग पदक चुकलं का? नाही. जे माप जाहीर केलं होतं, त्या मापाने ते बरोबर पडलं. आपण वाद घालतो तो निकालाशी. खरा वाद आहे तो मापाशी. आणि ते माप फार टिकलंही नाही. दुसऱ्या वर्षी सुवर्णपदक सोहराब मोदींच्या 'मिर्झा गालिब'ला गेलं आणि तिसऱ्या वर्षी 'पथेर पांचाली'ला. तिथेही दारिद्र्य आहे, झिजणारी आई आहे, पण धडा कुठेच नाही.

मराठीला त्यानंतर सर्वोच्च मान मिळायला पन्नास वर्षं लागली. २००३चा पुरस्कार 'श्वास'ला मिळाला. मग 'देऊळ' (एका ब्यारी चित्रपटासह विभागून), 'कोर्ट' आणि 'कासव'. यातल्या प्रत्येकाच्या वेळी 'हाच का?' असा वाद मी कुठे ना कुठे ऐकला आहे. आता अशा वेळी मी आधी विचारतो, की परीक्षकांना मोजायचं काय होतं? वाद त्याने मिटत नाही, पण निदान दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलू लागतात.

राहिली 'दो बिघा' अर्धा पाहण्याची गोष्ट. माझे वडील, अण्णा, कोकणात प्राथमिक शिक्षक होते. 'श्यामची आई' लागला की ते उघडपणे रडायचे. त्याला मिळालेल्या पदकाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तीही त्यांच्याच तोंडून. दूरदर्शनवर 'दो बिघा जमीन' लागला तेव्हा वहीतल्या आकड्याच्या प्रसंगाशी ते उठले आणि संच बंद केला. "बघवत नाही," एवढंच म्हणाले. मला वाटलं, त्यांना हिंदी चित्रपट आवडत नाहीत. आमच्या आजोबांची भाताची दोन खाचरं अशाच एका वहीत गेली होती, हे मला ते गेल्यावर आत्याने सांगितलं.

काकांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मग अण्णांनी कुठल्या चित्रपटाला पदक दिलं असतं?" मी म्हणालो, "'श्यामची आई'ला. शंभर टक्के." काका हसले. "बरोबरच आहे," ते म्हणाले. "दुसरा त्यांच्या घरात होऊन गेला होता."